दारावरचा आकडा

सोमवारी सकाळी मी फलक पुसते
आणि खडूनं नव्या बातम्या लिहिते:
शिवणयंत्र दुरुस्त होऊन आलंय, तीन दिवसांसाठी मिळेल.
बर्फ ओढायचं मोठं फावडं ज्यांनी नेलंय त्यांनी जरा आठवावं.
बुधवारी मोजे विणणाऱ्यांची बैठक.
शुक्रवारी फिनिश बोलायचा सराव, कॉफी आहे,
व्याकरणाची सक्ती नाही.
सापडली: दातांची कवळी, वरची.

गाव तलावाच्या काठी. नकाशात शोधायला जाल
तर बोटाखालीच झाकलं जाईल.
डिसेंबरात दुपारी तीनला दिवे लावतो आम्ही,
आणि त्यानंतर गावात दोनच खिडक्या उघड्या म्हणायच्या,
एक पेट्रोलपंपाची, एक आमची.

आउलिस खिडकीशी बसायचा, कालचं वर्तमानपत्र घेऊन.
आजचं त्याला कच्चं लागायचं.
बातमी एक रात्र मुरू द्यावी, म्हणायचा,
मग तिची खरी चव कळते.

ऑक्टोबरात नगरपालिकेचं पत्र आलं:
वाचकसंख्या घटली आहे,
गुरुवारची संध्याकाळ बंद करण्याचा विचार आहे.
मी ते फलकावर टाचलं. खाली काही लिहिलं नाही.
काय लिहिणार?

दुसऱ्या दिवसापासून आउलिस बाहेर जायला लागला.
दर अर्ध्या तासाला टोपी, मफलर, हातमोजे,
मग दोन्ही दारं ढकलून पायरीवर,
मिनिटभरात परत आत.
धूर काढायला जातो, म्हणाला.
लाकडाची गिरणी बंद पडली त्या वर्षीच
त्याची सिगारेट सुटली होती.
चौकटीतलं यंत्र मात्र माणसाला ओळखत नाही,
किरण तुटला की एक आकडा पुढे.
संध्याकाळी मी वहीत आकडा लिहायचे
आणि त्याच्याकडे बघायचे नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी तो गेला, झोपेतच.
त्याची बातमी मोज्यांच्या वर लिहावी की खाली,
बराच वेळ ठरेना.
तीन दिवसांनी दक्षिणेकडच्या मोठ्या वाचनालयातून
त्यानं मागवलेलं पुस्तक आलं,
मधमाश्या पाळण्याविषयी.
त्याच्याकडे मधमाश्या नव्हत्या. बाग नव्हती.
दुसऱ्या मजल्यावरची एक खोली होती आणि गॅलरी.
नियम असा की मागवलेलं पुस्तक सात दिवस राखून ठेवायचं.
ठेवलं.

त्या आठवड्यात आकडा चौदानं खाली आला.

मग एका मंगळवारी होदानची जुळी मुलं
बाहेर गेली, आत आली, बाहेर गेली.
मी ओरडणार होते, गारठा आत येतो म्हणून.
तर मागून इर्या, तिचा चाकांचा वॉकर घेऊन,
उणे अठरात, दोन दारं, एक उंबरा,
पत्रपेटी बघून येते, म्हणाली.
पत्रपेटी तिच्या घरी आहे, इथे नाही.
बुधवारी विणणाऱ्या बायका एकेक करून
ताजी हवा घ्यायला गेल्या, सुया हातातच.
तूरेनं फावडं आणून दिलं,
आणि मग परत येऊन सांगितलं की आणून दिलंय.

कोणी कोणाला काही बोललं नव्हतं.
निदान माझ्यासमोर तरी.

जानेवारीत नगरपालिकेचं दुसरं पत्र:
वाचकसंख्येत किंचित वाढ दिसते,
गुरुवारचा निर्णय तूर्त पुढे ढकलला आहे.
तूर्त हा शब्द मी खडूनं दोनदा लिहिला,
एकदा चुकला म्हणून.

आठव्या दिवशीच ते पुस्तक परत पाठवायला हवं होतं.
मी ते माझ्या कार्डावर घेतलं होतं
आणि काउंटरखाली ठेवलं होतं.
काल शाळकरी इल्तानं विचारलं,
हिवाळ्यात मधमाश्या झोपतात का?
आम्ही दोघींनी पानं चाळली.
झोपत नाहीत.
एकमेकींना चिकटून गोळा करून राहतात,
अंग थरथरवत ऊब धरतात,
आणि कडेच्या हळूहळू आत येतात,
आतल्या कडेला जातात.

इल्ता म्हणाली, अच्छा,
आणि बूट चढवून बाहेर गेली.
मी घड्याळ पाहिलं.
अजून आली नाहीये.
येईल.