फटकी

देठ खुडायला मी अकरा हंगाम बसले
नंदुरबारच्या पथारीवर, किलोमागे मजुरी.
घरी गेल्यावर लेकरू गालाला हात लावू देत नसे.
तेव्हा ठाऊक नव्हतं की या आगीत एक रंग आहे
आणि तो आगीपासून सुटा करता येतो.
कोंबडी करते.

पहिल्यांदा खाद्यात मिरची कालवली
तेव्हा शेजारची सायकी धावत आली,
"तुन्या कोंबड्या रडतीन वं माय!"
कोंबड्यांनी मान वाकडी केली, टिपलं,
आणि पुन्हा माझ्या हाताकडे बघितलं.
त्यांच्या जिभेला तिखट कळतच नाही.
मला हेवा वाटला, खरं सांगते.

पण मी घातली होती फटकी.
पांढरी पडलेली, व्यापाऱ्यानं बाजूला काढलेली,
फुकट मिळते म्हणून गोणीभर आणलेली.
पंधरा दिवस गेले. बलक तसाच,
तांदळाच्या कण्यांवर पोसलेला, फिका.
बेकरीवाल्या मुर्तुझाभाईंनी अंडं वाटीत फोडलं,
चमच्यानं हलवलं, म्हणाले,
"बेन, केक बिमार दिसते."

कृषी केंद्रातला पोरगा आला
खिशात पंधरा पट्ट्यांचा पंखा घेऊन.
पहिली पट्टी सायीची, शेवटची थेट पळस.
बलकाशेजारी एकेक धरत गेला
आणि चारवर थांबला.
"कोंबडी रंग बनवत नाही, ताई. नुसता वाहते.
पानात, दाण्यात, फुलात असेल तेवढाच."
मग फटकीकडे बोट केलं,
"यातला उन्हानं आधीच खाल्ला."

ऊन काय काय खातं, ते मला नवं नव्हतं.

मग पिवळा मका दळला.
लसूणघासाचा पाला खाटेखाली, सावलीत वाळवला.
दसऱ्याला बाजारात न खपलेला झेंडू
टेम्पोवाल्याकडून मागून आणला,
पाकळ्या सोडवता सोडवता नखं पिवळी झाली.
वरून लाल मिरचीची सालं, चिमूटभरच.
आधी पिवळा बसावा लागतो,
नुसता लाल घातला तर
बलक लाजल्यासारखा गुलाबी होतो.
दहा दिवसांत सात. महिन्याच्या आत बारा.

मुर्तुझाभाई अंड्यामागे आठ आणे चढवून देऊ लागले.
बचत गटाच्या वहीत नवा रकाना आखला: रंग.

अंगणवाडीच्या हेमलताबाईंनी विचारलं,
"मग ताकद किती वाढली?"
पोरग्यानं डोकं खाजवलं.
प्रथिनं होती तेवढीच.
पाल्यातलं, झेंडूतलं पिवळं मात्र
डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन बसतं म्हणे,
मिरचीचा लाल बराचसा दिसण्यापुरता.
म्हणजे बाराचं अंडं साताहून थोर नाही.
हे मी मुर्तुझाभाईंना सांगितलेलं नाही.
त्यांना बारा जातात, अंगणवाडीला सात.

एक गोष्ट कुणी शिकवली नाही,
ती मी खुराड्यापुढे उकिडवं बसून पाहिली.
चितरी घालत सुटली की
आधी तिच्या डोळ्याभोवतीचं कडं फिकं पडे,
मग चोच, मग नडग्या,
पार शेवटी पंजे, धुतल्या कण्यांसारखे.
अंगातला रंग काढून ती बलकात ओतत होती.
खाद्यातला पुरत नसेल,
किंवा पुरला तरी तिची रीतच ती.

दिवाळीनंतर तिची अंडी थांबली.
रंग गेला त्याच वाटेनं परत आला:
आधी कडं, मग चोच.

आठवडे बाजारात व्यापारी कोंबडी उलटी धरतो
आणि पाय बघतो.
पिवळे पाय म्हणजे आता घालत नाही,
ती सुरीच्या भावानं जाते.

चितरीचे पंजे भरत आलेत.
वहीत तिच्या नावापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही.
पंखा त्या पोरग्यानं माझ्याकडेच ठेवलाय,
तो उघडून तिच्या पायाशी धरते.
ती पाय मागे घेते, पुन्हा टेकते.
नऊ.
दहाही असेल.