सहजच

जिमच्या मागे, जिथे हरवलेल्या वस्तूंचं कपाट होतं
(एकेकटे हातमोजे, डबे, एकदा तर कुणाची कवळी),
ती खोली मी ऑगस्टमध्ये रिकामी केली.
हेडटीचरना पाटी हवी होती, निळ्या अक्षरांत: मानसिक स्वास्थ्य केंद्र.
सेंगाबाई म्हणाल्या, त्या पाटीखालून
चौदा वर्षांचं कोणतं पोर आत शिरेल, सगळ्यांच्या देखत?
पाटी मी जिन्याखाली ठेवली. अजून तिथेच आहे.

मग नुसतं दार. बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत उघडं.
एक किटली, दोन सोफे, त्यातला एक माझ्या बहिणीचा,
आणि खिडकीत बंदराचा तुकडा.
ॲबर्डीनच्याही वर आहोत आम्ही; डिसेंबरात साडेतीनलाच अंधार,
आणि वारा पूर्वेचा असला
की मासळीच्या कारखान्याचा वास थेट बाकांपर्यंत.

मी या शाळेचा जॅनिटर. किल्ल्या माझ्याकडे.
ऐकायचं नाही, असं मला सांगितलेलं आहे,
आणि मी ऐकत नाही.
पण दार कोण कसं उघडतं, ते कळतंच की.

पहिले तीन बुधवार कुणी फिरकलं नाही.
बाईंनी बिस्किटांचा अख्खा पुडा एकटीनं संपवला
आणि एक पायमोजा विणला.
चौथ्या बुधवारी कर्स्टी, फोन चार्ज करायला.
मग दोव्हिदास, ज्याची आई कारखान्यात रात्रपाळीला असते:
इथे प्रिंटर आहे का?
प्रिंटर नव्हता. तो पाऊण तास बसला.
कुणी पायाला पट्टी मागायला आलं, पायाला काही नसताना.
कुणी म्हणे, बाहेर वारा फार आहे.
मला आतून काहीतरी होतंय, असं कुणीच म्हणत नाही.
म्हणतात, सहज.
सहजच. इथूनच चाललो होतो.

स्ट्रुअन सहा आठवडे उंबऱ्यावर.
एक पाय कॉरिडॉरमध्ये, एक आत,
कोटाची चेन वर-खाली, वर-खाली.
बाई ‘ये’ म्हणाल्या नाहीत, ‘काय झालं’ म्हणाल्या नाहीत.
चहा ओतून दाराजवळच्या रेडिएटरवर ठेवायच्या.
घंटा झाली की तिथे रिकामा कप.

त्याचा भाऊ, गेल्या हिवाळ्यात...
इथे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी बोलत नाही.
समुद्रानं नेलेल्यांची नावं आम्ही चर्चच्या भिंतीवर कोरतो.
त्याला समुद्रानं नेलं नव्हतं.

सातव्या बुधवारी दार अडकलं. खारी हवा, लाकूड फुगतं.
मी रंधा घेऊन गेलो. स्ट्रुअन म्हणाला, धरू?
बिजागऱ्या सोडवल्या, दार दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं,
त्यानं कड घट्ट धरली, मी तासायला लागलो.
पांढरी सालपटं त्याच्या बुटांवर पडत होती,
आणि तो त्या लाकडाकडे बघूनच बोलू लागला.
बाईंशी, की दाराशी, कुणास ठाऊक.
मी रंधा थांबवला नाही.
थांबवला असता तर तोही थांबला असता.
गरजेपेक्षा फार तासलं मी ते दार.
आता खाली दोन बोटं फट राहिली आहे, गार झोत येतो,
आणि हेडटीचर विचारतात, हे कुणाचं काम?

तो काय बोलला ते इथे नाही.
ऐकायचं नाही, असं मला सांगितलेलं आहे.

कौन्सिलचं पत्र आलंय: पैसे जूनपर्यंतचेच. पुढचं पुढे.
परवा शाळा सुटल्यावर बाई कप विसळत होत्या.
मी फटीचं माप घ्यायला म्हणून वाकलो.
खिशात टेप नव्हती.
बराच वेळ तसाच वाकून होतो.
‘काही हवंय का?’ त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.
म्हटलं, नाही.
सहजच.

नळ बंद झाला.
त्यांनी किटली पुन्हा लावली.