अग्राह्य बाबी

एकतीस डिसेंबर. धायरी फाट्याकडे कुणीतरी
आत्तापासूनच फटाके लावतंय
आणि मी जेवणाच्या टेबलावर
वर्षभराची बिलं तारीखवार लावतेय.
विमा कंपनीचं पत्र आलंय :
हातमोजे, कापूस, डायपर, नोंदणी शुल्क,
अग्राह्य.
बरं.

मार्चचं बिल. आयसीयू, सहा दिवस.
मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात दुधाचा हिशेब
आणि एक फोन नंबर,
कुणाचा ते आता आठवत नाही.
तेव्हा श्रीरंगची उजवी बाजू गेली होती.
आणि शब्द.
एकतीस वर्षं सदाशिव पेठेतल्या छापखान्यात
दुसऱ्यांची मुद्रितं तपासणारा माणूस.

सातव्या दिवशी, जनरल वॉर्डात,
तो डाव्या हाताने सारखा भिंतीकडे बोट दाखवू लागला,
लालबुंद होऊन.
सिस्टर म्हणाल्या, लघवीला असेल. पडदा ओढला, भांडं दिलं.
त्याने भांडं ढकललं.
मग मी भिंतीकडे पाहिलं. पाटी होती :
'रूग्णांनी शांतता राखावी.'
रू दीर्घ!
हसू फुटलं मला. त्या वॉर्डात, त्या महिन्यात,
पाटीचं न ऐकता, मोठ्यांदा.

मे-जूनमध्ये तस्नीम यायची, चित्रांचे पत्ते घेऊन.
आंबा? छत्री. गाय? छत्री.
आणि या कोण?
माझ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला
आणि फार जपून म्हणाला, छत्री.
तेव्हापासून घरात चहा म्हणजे छत्री, गोळ्या म्हणजे छत्री,
निहारचा नागपूरहून फोन आला की
आधी 'छत्री काय म्हणतेय?', मग बाकीचं.
असे दिवस होते.
रात्री वेगळ्या होत्या. त्यांचं आज नाही.

जुलैत माझ्या पाटल्या लक्ष्मी रोडला गेल्या.
सराफाने चहा पाजला, आणि तो वजा करूनच भाव दिला.

ऑगस्ट. नळस्टॉप. थेरपीहून परतताना
रिक्षावाला म्हणाला, हाफ रिटर्न पडेल.
मी पर्स उघडतच होते
आणि शेजारून, पाच महिन्यांनी, खणखणीत :
'दीडशहाणा!'
रिक्षावाल्याने वळून पाहिलं, तर मी रडतेय.
घाबरला बिचारा. निमूट मीटर टाकला.
राजाराम पुलापर्यंत मी त्याला सांगत होते,
भाऊ, फार उपकार झाले तुमचे,
आणि त्याला काही केल्या कळेना.
उतरताना हाफ रिटर्न दिलंच मी.
त्याची पावती नाही.

टाचण्या संपल्यात. सातशे सव्वीस रुपयांचा
ताळमेळ लागत नाहीये.
पलंगावरून तो कधीचा बघतोय.
'बस,' म्हणाला.

बस म्हणजे पुरे, की बस म्हणजे इथे, शेजारी,
की स्वारगेटची?
विचारलं नाही.
बिलांवर वाटी पालथी घातली, उडू नयेत म्हणून,
आणि बसले.