दाखल क्रमांक ८८१४

वास्को. मार्च महिना. खनिजाची लाल धूळ
पालिका वाचनालयाच्या पायरीपर्यंत आलेली.
बार्जींची वाट बघत अकरा दिवस
बंदराबाहेर अडकलेलं एक जहाज,
आणि त्यावरचा दुसरा खानसामा, क्रिसांतो,
टोपी हातात घेऊन माझ्या टेबलासमोर:
आमच्याकडचं एखादं पुस्तक आहे का?

मी कपाटं दाखवली. मराठी. कोंकणी.
पोर्तुगीज, कुलूपबंद, किल्ली हरवलेली.
उरलेलं जग ‘इतर’ नावाच्या एका फळीवर,
आणि तिथेही फिलिपिन्स नाही.
तो हसला.
म्हणाला, मग मी लिहून देतो.

दोनशे पानी वही. रोज चारला यायचा,
बोटांना लसणाचा वास.
लिहायचा स्वतःच्या भाषेत,
सांगायचा तुटक इंग्रजीत,
मी ऐकायचे मराठीत.

पहिल्या पानावर जुनी अक्षरं:
सुरीच्या टोकाने बांबूवर कोरायची.
इ-ए हवा तर डोक्यावर टिंब,
उ-ओ हवा तर पायाशी.
म्हटलं, अरे, ही तर आमचीच
वेलांटी आणि उकार,
फक्त सामान कमी घेऊन निघालेले.

मग गाथा. रात्रीमागून रात्री गायची,
कागदावर कधी न मावलेली.
त्याची आत्या डोळे मिटून गायची
आणि नायक मरायला टेकला
की नेमकी थांबून पान लावायची.

मग जागरणं. मयताच्या घरी
शेजारी जमतात आणि पद्यात भांडतात,
राजाचा हरवलेला पोपट कोणी चोरला यावरून.
रडणारेही मध्येच यमक सुचवतात.

मग स्पॅनिश. मग इंग्रजी.
पणजोबा एका भाषेत कबुली द्यायचे,
बाप दुसऱ्या भाषेत अर्ज लिहायचा,
आई तिसरीत शिव्या द्यायची.
कादंबऱ्या तिन्ही भाषांत आहेत, तो म्हणाला,
पण शिव्या एकाच.
मी मान हलवली. हे समजावून सांगायला
गोव्यात दुभाषा लागत नाही.

वहीच्या मधोमध तनागा:
चार ओळी, सात-सात अक्षरं.
मी मोजून मराठीत उतरवला, समासात, पेन्सिलीने:

नाव किनारी थांबे
सावली तिची लांबे
घरचे झाड, आंबे
जिभेवर ओथंबे

शेवटच्या पानावर उमाणं.
माझ्याबरोबर दर्यावर येतं, भिजत नाही,
माझ्याआधी घरी पोचतं.
इथे मी अडले. येतो, येते की येतं?
त्याच्या भाषेत तिघांना मिळून एकच ‘सिया’.
आमच्यात लिंग सांगितलं
की अर्धं उत्तर फुटतं.

बाराव्या दिवशी जहाज गेलं.
उत्तर सांगायचं राहिलं.

मी वही नोंदवली. भाषा: फिलिपिनो.
किंमत: रकाना कोरा.
रात्री उगाच पानं उलटत बसले
आणि न येणाऱ्या भाषेत ओळखीचे चेहरे दिसले:
चेहऱ्यालाच तिथे मुखा म्हणतात.
शिक्षक गुरो. आशा आसा.
आणि दुखा म्हणजे गरीब.
हा शब्द कुठल्या गलबतातून गेला कोण जाणे,
पण वाटेत
त्याला नेमका अर्थ सापडला.

वाचकांना उमाणं घातलं.
शाळेतली पोरं म्हणाली, सावली.
हेडमास्तर लोटलीकर म्हणाले, आठवण,
आणि स्वतःवरच खूष झाले.
बोनिफास फुर्ताद, एकतीस वर्षं तारवटी,
वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला,
पगार.

कोणी काही बोललं नाही.
पंखा तेवढा फिरत राहिला.

यंदाच्या मोजणीत ८८१४ जागेवर नाही.
नेली आहे बोनिफासनेच.
त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नाही.
मुदत उलटून तीन महिने झाले.
स्मरणपत्राचं कार्ड टेबलावर आहे,
त्याचं नाव घातलेलं,
मी अजून टपालात टाकलेलं नाही.