भांगाचं पाणी

विद्यापीठाकडून फॉर्म आलाय, दोन पानी, इंग्रजीत:
इंग्रजीतून विषय शिकवण्याबद्दल प्राध्यापकांची मतं.
एक ते पाच, चौकटीत खूण करा.
तळाशी 'अन्य अभिप्राय', दीड ओळ जागा.

स्टाफरूममध्ये खराडे सर खुणा करून मोकळे झाले.
पेपर इंग्रजीत, बोटीवरची नोकरी इंग्रजीत,
मग वर्गात हे लाड कशाला?
रसायनशास्त्राच्या मोन्तेरोबाई म्हणाल्या,
माझं इंग्रजी वर्गाच्या दारापर्यंत ठणठणीत असतं,
आत गेलं की पहिल्या दोन बाकांवरच बसतं.
रेडकर नवा आहे, तासिका तत्त्वावर.
त्याने एवढंच विचारलं:
खाली नाव लिहायचं का?

मी भूगोल शिकवतो, वेंगुर्ल्यात, एकवीस वर्षं.
खरं सांगायचं तर
इंग्रजीत धडा दहा मिनिटं आधी संपतो.
कुणी काही विचारत नाही.
आणि मला ते बरं वाटायचं.
दीड ओळीत मावेल हे?

जानेवारीत नीप टाइड चालू होतं.
फळ्यावर सूर्य, चंद्र, मधे काटकोन,
वह्यांत तसाच काटकोन, माना खाली.
तिसऱ्या बाकावरून तेजल गिरप, नवाबागची,
अर्धं स्वतःशीच बोलली:
"ह्यां म्हणजे भांगाचां पाणी मां, सर?"

मग वर्ग कुठला आवरतो.
रापणीला कुठल्या तिथीला माणसं कमी लागतात,
उधाणात कुणाची दोरी तुटली,
आणि तेजलचे वडील बोटांवर पाऊणकी म्हणतात:
आज अष्टमी, आठाचे पाऊणपट सहा,
सहाला भरती.
मी हे कधी गुणून पाहिलं नव्हतं.
रात्री तक्त्याशी ताडलं. वीस मिनिटांचा फरक.

पुढचा आठवडाभर मराठीतच शिकवलं.
घंटा होऊन गेल्यावरही बोलत राहिलो,
जरा मिरवलंही, मोन्तेरोबाईंपाशी.
शनिवारी तेजल दारात उभी.
"सर, समाजलां सगळां.
पण पेपरात तां इंग्रजीत कसां लिवूचां?"

उत्तर द्यायचं सोडून
मी खडूचे हात झटकले.

तिची उत्तरपत्रिका माझ्याकडेच आली.
आकृती नेमकी. वाक्यं तीन,
तिन्ही माझ्या जुन्या नोट्समधली, पाठ केलेली,
एका ठिकाणी माझीच चूक जशीच्या तशी.
नीपमधला 'ए' गाळलेला.
आणि कोपऱ्यात, कुणी मागितली नसताना,
वाळूत ओढून ठेवलेली एक होडी.

आदर्श उत्तरात होडी नव्हती.
पाचपैकी चार दिले.
एक कापला, 'ए'साठी.

फॉर्मवरही चौकटी पाचच आहेत.
पेनचं टोपण काढून बसलोय.
शिपाई बाबल दोनदा डोकावून गेला:
टपाल चाराक जातां, सर.