सातवा रकाना

जून. नवे दाखले.
जनरल रजिस्टरात आधीच्या गुरुजींचं वळणदार अक्षर:
पहिल्या ओळीत हिंदू,
खाली पानभर नुसती दोन-दोन टिंबं,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
एका नळाखाली लावलेले हंडे जसे.
मध्ये एकदा रज्जाक पिंजारीचा मुलगा येतो,
तिथे शाई जरा थबकलेली दिसते.
मग पुन्हा टिंबं.

समोर खुमसिंग पावरा, पोरीला घेऊन,
अनेरपल्याडच्या पाड्यावरून पायी आलेला.
धर्म? मी विचारलं.
"तो काय ऱ्हास, मॅडम?"
मी प्रश्न सोपा केला, म्हणजे चुकवलाच: देव कोणता?
त्याने वाघदेव सांगितला,
इंदलच्या कळंबाची फांदी सांगितली,
नवं धान्य आधी कुणाला दाखवतात ते सांगितलं,
आणि रजिस्टरात डोकावून म्हणाला,
"इतलं त्या चौकटमा बसी का?"

केंद्रप्रमुख म्हणतात, रिकामा ठेवू नका.
तांबड्या चांदणीचा रकाना आहे,
भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही.

भटूआप्पांनी शाळेला भोंगा दिला,
सोबत एक आरती.
परिपाठात लावा, संस्कार होतात.
मी म्हटलं, समितीत विचारते.
समितीचे अध्यक्ष आप्पाच.
रज्जाकभाई काही बोलले नाहीत.
फक्त त्यांचा नातू यासीन
दहा मिनिटं उशिरा येऊ लागला.
सायकलीची चेन पडते म्हणे.
रोज. त्याच फरशीपुलावर.
दोन आठवड्यांनी मी हजेरी
परिपाठानंतर घ्यायला लागले.
धाडस म्हणायचं तर एवढंच.

माझ्याही घरी श्रावणात कानबाई बसते.
तिचे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत,
सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं.
सोमवारी विसर्जन, मंगळवारी शाळा:
खिचडीचं पातेलं, एक पळी, एकशे बारा ताटं.
मीठ मी चाखते.
दोन्हीकडचे हात एकाच पदराला पुसते.

प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात.
मी मिटत नाही, पोरं मोजायची असतात.
कुणाचे हात जोडलेले, कुणाचे नुसते लोंबते,
कुणी डास चावलेलं खाजवतोय.
खुमसिंगच्या रेलीच्या कडेवर धाकटा भाऊ,
जोडायला हातच मोकळे नाहीत तिचे.
तीही डोळे उघडे ठेवून
एकेकाचं तोंड बघत असते.
एकदा आमची नजर भिडली.
चोरी पकडल्यागत दोघी हसलो.

सातवा रकाना मी पेन्सिलीने भरलाय.
काय, ते सांगणार नाही.
संगणकाचं विचारलं तर नेट नाही.
तपासणीला साहेब आले की शाईने गिरवेन बहुतेक,
नोकरी आहे.

रेलीला अजून स्वतःचं नाव लिहिता येत नाही.
र जमलाय.
मात्रा कुठे द्यायची, ते उद्या.