आडवा उजेड

दुपारी तलाव दिसतच नाही.
दिसतात ते नवेकोरे टिनाचे पत्रे,
पाळीपासून पल्याडच्या मोहापर्यंत अंथरलेले,
आणि त्यांच्यावरून बाबा डोंगा लोटतात
डोळ्यांच्या चिरा करून.

चाळीस वर्षं हेच.
उजव्या डोळ्यात नाकाकडून वडसाचा पापुद्रा चढला,
लालसर, कमळाच्या कोवळ्या पानासारखा,
बुबुळाच्या काठाशी येऊन थबकला.
साकोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पाण्यावरचं ऊन खालून मारतं, इस्तारीभाऊ,
ते टोपीला जुमानत नाही.

म्हणून हा चष्मा. साडेनऊशे रुपये.
सोसायटीच्या वहीत उचल मीच लिहिली,
कशासाठी, या रकान्यात: डोळे.

पहिल्या दिवशी त्यांनी मोबाईल आडवा धरला,
पडदा काळा.
"बिघडला वो पोरी!"
उभा धरला, सुधारला.
मग मान वाकडी केली, तलाव पेटला.
सरळ केली, विझला.
किती वेळ नुसत्या मानेनं
तलाव लावत-विझवत बसले.

चष्मेवाल्यानं सांगितलं होतं,
पाण्यावरून उसळतो तो उजेड आडवा होऊन येतो,
काचेतल्या फटी उभ्या,
आडव्याला वाट नाही.
जन्मभर जाळ्याचे डोळे मोजलेल्या माणसाला
यात समजावण्यासारखं काही नव्हतं.
"म्हंजे जारंच आहे. उजेडाचं."

मग ते काठावरून वाकले.
मी बांबू रोवून डोंगा धरला.
गाळ दिसला त्यांना, शेवाळाचे केस,
शिंगाड्याच्या वेलीचे लांबच लांब धागे,
दोन उन्हाळ्यांमागं हातून सुटलेला
आईचा जर्मनचा गंज, तोंड वर करून,
आणि मरळ.
तिच्या डोक्यावर पिलांचा तांबडा ढग,
हवा प्यायला वर येणारा, विरणारा, पुन्हा जमणारा.
ती खाली, जागच्या जागी,
पंख तेवढे हलत.

"इतकी वर्सं..." बाबा म्हणाले.
पुढचं म्हणाले नाहीत.
फेकजाळं खांद्यावरून ठिबकत होतं,
शिशाच्या गोळ्या कोपराला लागत होत्या.

डोंगा त्यांनी कमळांच्या पलीकडं नेला,
बराच पलीकडं.
तिथं चष्मा काढून माझ्या हातात दिला,
डोळे पुन्हा चिरांएवढे केले
आणि त्या लखलखत्या पत्र्यावर
जाळं फेकलं.

चष्मा हातात गरम होता.
मी लावून पाहिला नाही.